तीनदा विचारावं लागतं

चीनमधल्या यिवू शहरात लौ च्यूश्यांग कुठे राहते असं विचारत फिरलात तर चपला झिजतील. ‘सुवर्णघंटा’मधली लौ मावशी म्हणा, टॅक्सीवाला पुढचं काही न विचारता नेऊन सोडेल. घाऊक बाजाराच्या समोर पाच मजली इमारत, तिच्या तिसऱ्या मजल्यावर बावीस कराओकेच्या खोल्या, आणि त्यातली आठ नंबरची मावशीची. मालकी मालकाची आहे, पण आठ नंबरात शिरताना मालकसुद्धा दार वाजवतो.

आठ नंबर ही परदेशी पाहुण्यांची खोली. आमचे बटणवाले, चेनवाले, हेअरबँडवाले सौदा झाला की गिऱ्हाइकाला जेवायला नेतात आणि जेवण झालं की गायला आणतात. गिऱ्हाईक येमेनचं असो नाहीतर ब्राझीलचं, त्याने गायलंच पाहिजे. न गाता उठला तर यजमानाला घास गोड लागत नाही, आपलं काय चुकलं म्हणून तो चार दिवस डोकं खाजवत बसतो. पण परदेशी माणूस दारातूनच हात हलवायला लागतो. घशाकडे बोट दाखवतो, नसलेला फोन कानाला लावतो. एकदा एक हिंदुस्थानी व्यापारी मात्र आला होता, त्याला गायला लावायला काही करावं लागलं नाही. थांबवायला तिघे लागले.

बाकीच्यांसाठी मावशीची रीत ठरलेली होती. आधी टरबुजाची फोड द्यायची, म्हणजे तोंड नकार द्यायला मोकळं राहत नाही. मग हातात खंजिरी द्यायची. खंजिरी हातात आलेला माणूस हलायला लागतोच. मग परदेशी गाण्यांची यादी पुढे करायची. यादीत सत्तावीस गाणी, सगळी जुनी, आणि जगातल्या प्रत्येक परदेशी माणसाला ती पाठ असतात अशी यिवूत सगळ्यांची खात्री. आणि चौथी गोष्ट मावशी कुणाला सांगत नसे. दाराजवळच्या भिंतीवर यंत्राची बटणं होती. पाहुण्याचा आवाज अडखळला की मावशी पाठ भिंतीला टेकवून उभी राहायची आणि मागच्या मागे एक बटण दाबायची. मूळ गायकाचा आवाज हळूच सुरू व्हायचा. दुसऱ्या बटणाने माईकचा आवाज बारीक व्हायचा. पाहुण्याला वाटायचं, अरे, आपण बरे गातोय! तो छाती फुगवून पुढची ओळ घ्यायचा, यजमान टाळ्या पिटायचा, आणि सगळे खूश होऊन घरी जायचे.

याला फसवणूक म्हणालात तर मावशीच्या तोंडाचा पट्टा सुटलाच म्हणून समजा. “फसवणूक कसली? दमलेल्या माणसाला सायकलवर मागून हात लावतो आपण, तसं आहे ते!” वीस वर्षांत एकाही पाहुण्याच्या लक्षात आलं नव्हतं, आणि याचा तिला मनातून मोठा अभिमान होता.

मूळची ती लाल साखर बनवणाऱ्या गावातली. बाप खांद्यावर कावड घेऊन गावोगाव जायचा, साखरेच्या वड्या देऊन बदल्यात कोंबड्यांची पिसं घ्यायचा. दारात पहिल्यांदा ‘नको’ ऐकू आलं की तो कावड खाली ठेवायचा, म्हणायचा, “चला, बोलणं सुरू झालं.” ही पोरगी त्याच्या हाताखाली वाढली. त्यामुळे ‘नको’ या शब्दाला तिच्या लेखी फारशी किंमत नव्हती. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचंच असतं, तिसऱ्यांदा घ्यायचं असतं. पहिल्याच हाकेला जो हात पुढे करतो त्याला ती हावरट म्हणायची, आणि जो एकदाच विचारून गप्प बसतो त्याला कंजूष.

अशा बाईला मुलगी झाली ती वानयिंग. स्वभावाने बापावर गेलेली. बाप म्हणजे कुंग, कुलपांचा गाळा चालवणारा शांत माणूस. दिवसाकाठी वीस वाक्यं बोलायचा, त्यातली पंधरा गिऱ्हाइकांशी. वानयिंग त्याहून कमी. तिला ताप आला तरी “काही नाही, ठीक आहे,” आणि परीक्षेत नापास झाली तरी “काही नाही, ठीक आहे.” तिचं खरं काय ते मावशी ताटातल्या भातावरून ओळखायची. किती उरला, कुठल्या बाजूचा उरला.

आता ही एकुलती एक मुलगी एस्टोनियाला चालली होती. तिथला तानेल नावाचा तरुण सहा वर्षांपूर्वी यिवूत आला, कोटाला लटकवायचे अंधारात चमकणारे बिल्ले खरेदी करायला. त्यांच्याकडे हिवाळ्यात इतका काळोख, की बिल्ला लावल्याशिवाय माणूस रस्त्यावर उतरत नाही. बिल्ले घेता घेता तो वानयिंगच्या दुकानात अडकला. यिवूची बोली शिकला, बाजारातल्या शिव्यांसकट. मुलगा गुणी होता, मावशीला त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. धास्ती होती ती त्याच्या आईची. बाप वारलेला, आई एकटी राहते, आणि लग्नानंतर हे दोघं तिच्याच घरी राहणार. डिसेंबरच्या पाच तारखेची तिकिटंही काढून झाली होती.

ही आई, वाइके तिचं नाव, नोव्हेंबरात मुलीच्या घरच्यांना भेटायला यिवूत आली. उंच, पांढऱ्या केसांची, साध्या लोकरी स्वेटरमधली बाई. मावशीने दारातच “या, विहीणबाई!” म्हणून तिचे दोन्ही हात धरले. वाइके किंचित हसली आणि हात सुटायची वाट बघत उभी राहिली.

“हिच्या नावाचा अर्थ काय रे?” मावशीने तानेलला विचारलं.

“शांत,” तानेल म्हणाला.

मावशी स्वयंपाकघरात जाऊन कुंगच्या कानाशी लागली. “म्हाताऱ्या, ऐकलंस? नावच शांत! एक मुकी सासू, एक मुकी सून, आणि दुपारी तीनला काळोख. माझी पोर कोपऱ्यात रडत बसली तर या बाईला कळणार तरी आहे का?”

“कळेल,” कुंग म्हणाला.

“तुला काय माहीत? तुला बायको रडलेली तीस वर्षांत कळली नाही.”

जेवायला खिम्याच्या पातळ पोळ्या होत्या, हॅमचं सूप होतं, लाल रश्शातलं डुकराचं मांस होतं. वाइकेने वाटी स्वच्छ रिकामी केली, कारण त्यांच्याकडे पानात टाकत नाहीत. रिकामी वाटी म्हणजे अजून हवंय, म्हणून मावशीने ती भरली. वाइके म्हणाली, पुरे. मावशीने आणखी भरली. वाइकेने तीही संपवली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी बाईचा चेहरा बीटासारखा झाला तेव्हा वानयिंगने आईचा चमचा धरला. “आई, बस. त्यांना खरंच नकोय.”

“खरंच नको असतं तर वाटीत उरवलं असतं!”

आणि तासभर जेवून वाइके बोलली किती, तर सहा वाक्यं. मावशीने मोजली होती. आता एकच उपाय उरला होता. दुपारी दोनला सगळ्यांना घेऊन ती ‘सुवर्णघंटा’त आली आणि आठ नंबरचं दार उघडलं. माणूस माईकसमोर कसा वागतो त्यावर तिचा फार भरवसा. दुसऱ्याचं गाणं मध्येच तोडणारा आयुष्यभर तोडतो, बेसूर गाणाऱ्यासाठीही मनापासून टाळ्या वाजवणारा घरात बरा, असं तिचं शास्त्र होतं. विहीण गायली की कळेल, असं तिने ठरवलं होतं.

शेजारच्या खोलीत निवृत्त शिक्षिकांचं टोळकं रंगात आलं होतं. भिंतीतून त्यांचा ठेका येत होता. मावशीने टरबूज ठेवलं, सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या, खंजिरी कुंगच्या हातात दिली, कारण विहिणीने ती घेतली नाही. मग यादी पुढे केली. वाइकेने चष्मा लावून सत्तावीस नावं वाचली, शेवटी एका जुन्या इटालियन प्रेमगीतावर बोट ठेवलं आणि काहीही आढेवेढे न घेता उठली.

“बघ!” मावशी नवऱ्याला म्हणाली. “एकदाही नको म्हणाली नाही. हावरट आहे की भोळी?”

वाइके गायला लागली. आवाज जुना होता, थरथरता, पण सरळ. दुसऱ्या कडव्यात यंत्राच्या पडद्यावरचे शब्द तिच्यापुढे पळाले आणि ती थांबली. मावशी केव्हाच भिंतीशी जाऊन उभी होती. बोट सवयीने बटणावर गेलं. इटालियन बाईचा भरदार आवाज खोलीत पसरला. कुंगने खंजिरी जोरात वाजवली. मावशीने टाळ्यांना सुरुवात केली, “वा, विहीणबाई, वा!”

वाइकेने माईक तोंडापासून दूर नेला. गाणं चालूच. तिने माईककडे पाहिलं. मग शांतपणे खाली बसून टरबुजाची एक फोड उचलली आणि खायला लागली. प्रेमगीत ऐन भरात आलं होतं, विहीणबाई टरबूज खात होत्या, आणि कुंग डोळे मिटून खंजिरी वाजवत होता.

फोड संपल्यावर तिने मुलाला काहीतरी विचारलं. तानेलचे कान लाल झाले.

“काय म्हणते?” मावशीने विचारलं.

“विचारते की... ही गाणारी बाई कोण आहे?”

“मशीन!” मावशी गडबडली. “मशीन बिघडलंय. जुनं झालंय. किती वेळा सांगितलं मालकाला.”

वानयिंग उठली, भिंतीशी गेली आणि तिने आईच्या पाठीमागून हात घालून बटण बंद केलं. “माझ्या दहाव्या वाढदिवसालाही मशीनच बिघडलं होतं ना, आई?”

त्या वाढदिवसाची गोष्ट घरात कधी कुणी काढली नव्हती. वर्गातल्या बारा मुली याच खोलीत आल्या होत्या. वानयिंग गायला उभी राहिली, आवाज फाटायला लागला, आणि आईने मायेने बटण दाबलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पोरीला मात्र कळलं होतं की टाळ्या कोणाला पडताहेत. त्यानंतर तिने आईसमोर एक ओळही गायली नव्हती. मावशीला वाटायचं, पोरीला गाण्याची आवडच नाही. आज तिला पहिल्यांदा लाज वाटली, खरीखुरी, कानशिलं तापवणारी.

पण खरं सांगायचं तर त्या लाजेच्या तळाशी तिला आणखी एक गोष्ट जाणवली. वीस वर्षांत शेकडो माणसं या खोलीत गाऊन गेली, कुणाला फरक कळला नाही. या बाईला कळला. या बाईचे कान जागे आहेत.

वाइकेने पडद्याकडे बोट दाखवलं. तानेलने पडदा आणि संगीत दोन्ही बंद केले. मग ती बसल्या बसल्याच, माईक न घेता, आपल्या भाषेतली एक लहानशी ओळ गायली आणि थांबली.

मावशीचं बोट आपोआप वळवळलं. बाई अडली! पण आता दाबायचं काय? तिने घाईघाईने कुंगला खूण केली, त्याने खंजिरी एकदा हलवून बघितली आणि वानयिंगच्या नजरेने ती पुन्हा मांडीवर ठेवली. आणि मग तीच ओळ दुसऱ्या कोणीतरी गायली. आवाज जाडसर, किंचित घोगरा, शेवटी थोडा खाली उतरणारा. मावशीने दाराकडे पाहिलं, कोण आत आलं म्हणून. कोणी आलं नव्हतं. गात होती वानयिंग.

वाइके दुसरी ओळ गायली. वानयिंगने ती परत म्हटली. तिसरी, चौथी. त्यांच्या गावाकडची गाणी अशीच असतात, एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी तेच परत म्हणायचं, हे मावशीला नंतर कळलं. दर रविवारी या दोघी फोनवर समोरासमोर बसायच्या, बोलायला पुरेसे शब्द नव्हते म्हणून ओळी म्हणायच्या, हेही नंतरच कळलं. त्या वेळी तिला एवढंच समजलं की आपल्या पोरीला आवाज आहे, तो थेट तिच्या आजीसारखा, आपल्या आईसारखा आहे, आणि तो आपण अठरा वर्षं ऐकलेला नाही. तिला हेवा वाटला. परक्या बाईसमोर तोंड उघडते आणि माझ्यासमोर नाही! आणि हेवा वाटत असतानाच तिचे डोळे भरून आले.

गाणं संपलं. वाइकेने टेबलावरचा माईक उचलून मावशीपुढे धरला. “आता तुम्ही,” तानेल म्हणाला.

वीस वर्षं इतरांना गायला लावणाऱ्या बाईला कोणी गा म्हटलं नव्हतं. तिला आतून गुदगुल्या झाल्या. पण रीत ती रीत. “छे, छे! मला कुठे येतं? नको, नको.” आणि हात अर्धा पुढे करून ती दुसऱ्या विचारण्याची वाट पाहायला लागली.

तानेलने भाषांतर केलं. वाइकेने मान डोलावली, “बरं,” असं काहीसं म्हणाली आणि माईक खाली ठेवला.

मावशीचा हात हवेतच राहिला. कुंग इतका हसला, इतका हसला, की खंजिरी मांडीवरून पडून दारापर्यंत गडगडत गेली.

“दात काय काढतोस, म्हाताऱ्या!” मावशी भडकली. मग मुलीकडे वळली. “म्हणजे काय? एकदाच विचारतात?”

“एकदाच, आई. त्यांच्याकडे नको म्हणजे नको. दुसऱ्यांदा विचारणं आगाऊपणा समजतात.”

“जेवायलाही?”

“जेवायलाही.”

“बरं नाही का, असं विचारलं तरी?”

वानयिंगने होकारार्थी मान हलवली. मावशी मटकन बसली. तिला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. ते घर, तो काळोख, ही भली बाई दारातून विचारते, काय झालं गं? आणि आपली पोर, आपणच वाढवलेली पोर, म्हणते, काही नाही, ठीक आहे. आणि बाई विश्वास ठेवून निघून जाते. जागे कान असूनही जाते, कारण तिच्याकडे माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणं हाच मान. यात दोष कुणाचाच नाही, आणि पोर तिकडे रडून रडून अर्धी होईल.

“तानेल,” ती म्हणाली, “नीट सांग तुझ्या आईला. एक शब्द गाळू नकोस. माझी मुलगी खोटं बोलते. काही हवं का विचारलं तर पहिल्यांदा नको म्हणते. दुसऱ्यांदाही नकोच म्हणते. तिसऱ्यांदा विचारलं तर खरं बोलते. तिला तीनदा विचारावं लागतं. आगाऊपणा वाटला तरी विचार म्हणावं. कंटाळा आला तरी विचार म्हणावं. एवढं एक कर, बाकी मला काही नको.”

तानेल बराच वेळ सांगत होता. वाइके ऐकत होती. मध्ये तिने एकदा वानयिंगकडे पाहिलं, आणि वानयिंगने मान खाली घातली, म्हणजे आई सांगते ते खरं होतं. मग वाइके मावशीच्या शेजारी येऊन बसली आणि सावकाश काहीतरी म्हणाली.

“आई म्हणते, ही पद्धत घरातल्या सगळ्यांचीच असणार,” तानेल म्हणाला. “म्हणून तुम्हाला एक विचारते. वानयिंग आमच्या घरी राहायला येतेय. तुम्हाला चालेल ना?”

“म्हणजे काय!” मावशी लगेच हसली. “चालेल की! आनंदच आहे. पोरीने नशीब काढलं.”

वाइकेने ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तानेलने तो पुन्हा सांगितला.

“चालेल म्हटलं ना. मुली जातातच. आम्ही काय अडाणी आहोत का, पोरीला बांधून ठेवायला?”

तिसऱ्यांदा वाइके मुलासाठी थांबलीच नाही. दोनदा कानावर पडलेले शब्द तिने स्वतःच, तोडकेमोडके, मावशीच्या डोळ्यांत बघत म्हटले. “चालेल... ना?”

मावशीने तिच्या डोळ्यांतून नजर काढून पोरीकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “नाही चालत. मला अजिबात चालत नाही. एकच पोर आहे मला. हिवाळ्यात तिच्या टाचांना भेगा पडतात, मी तिळाचं तेल चोळते, तिकडे कोण चोळणार? तुझा मुलगा चांगला आहे. तूही चांगली आहेस. तेच तर! तू वाईट असतीस तर मी पहिल्या दिवशीच नाही म्हणून मोकळी झाले असते.” आणि ती टेबलावरचे कागदी रुमाल ओढून ओढून रडायला लागली. तानेलने हे सगळं आपल्या भाषेत सांगायला घेतलं, पण मध्येच त्यालाही एक रुमाल ओढावा लागला. कुंग खंजिरी उचलायच्या निमित्ताने दाराशी गेला आणि तिकडेच तोंड करून उभा राहिला.

वानयिंग आईच्या पायाशी बसली. “मी विचारलं होतं तुला, आई. गेल्या वर्षी. जाऊ का म्हणून. तू म्हणालीस, जा, मला काय त्याचं.”

“एकदाच विचारलंस,” मावशी नाक पुसत म्हणाली. “माझ्या पोटची असून एकदाच विचारलंस.”

“मग आता विचारते. जाऊ?”

मावशीने मुलीच्या केसांतून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

“जा,” ती म्हणाली. “पण नवं वर्ष इथे करून जा. फेब्रुवारीतलं, आपलं.”

वाइकेने मुलाच्या बाहीला धरून विचारलं. त्याने सांगितलं. ती एकच वाक्य बोलली, आणि तानेलने खिशातून फोन काढला.

“काय म्हणाली?” मावशीने विचारलं.

“म्हणाली, तिकिटं बदल.”